उन्हाळ्यात फुलपाखरं आणि पतंग शोधताना: आधी ओल, मग पान, मग फूल

एप्रिल-मेमध्ये बागेत तासभर फिरूनही दोन-चारच फुलपाखरं दिसली, अशी तक्रार दरवर्षी ऐकू येते. बहुतेक वेळा चुकतो तो क्रम. चहा-नाश्ता उरकून साडेदहाला निघायचं, फुलांच्या ताटव्यासमोर उभं राहायचं आणि बारा वाजता घामाघूम होऊन परत फिरायचं. सप्टेंबर-ऑक्टोबरात हे खपून जातं, कारण तेव्हा फुलंही उदंड आणि फुलपाखरंही. उन्हाळ्यात फुलपाखरू सापडतं ते ओलसर मातीवर, सावलीत आणि त्याच्या अळीच्या झाडावर. पतंग तर सकाळी भिंतीवर चिकटलेले असतात आणि आपण त्यांच्याकडे पाठ करून उभे असतो.

खालचे टप्पे महाराष्ट्र-गोव्यातल्या बागा, टेकड्या आणि जंगलांसाठी आहेत; काळ मार्चपासून मृगाच्या पावसापर्यंतचा. क्रम मोडू नका.

## १. तयारी

सामान थोडंच लागतं. मळकट हिरव्या किंवा खाकी रंगाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी, माणशी दोन लिटर पाणी, वही-पेन्सिल आणि फोन. दुर्बीण असली तर ती २ मीटरवरची वस्तू स्पष्ट दाखवते का, हे घरीच बघून घ्या. पक्षी पाहायच्या कित्येक दुर्बिणी ४-५ मीटरच्या आतलं धूसर दाखवतात, आणि मग फुलपाखरू समोर बसलेलं असताना माणूस मागे मागे सरकत झुडपात जातो. पेंटॅक्सची पॅपिलिओ ही छोटी दुर्बीण अर्ध्या मीटरवरचंही दाखवते. पण सुरुवातीला ती लागत नाही.

जाळी घेऊ नका. अनेक जातींना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि अभयारण्यात कुठलाच जीव पकडता येत नाही. ओळख पटवायला फोटो पुरतो.

सावध: सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-सावंतवाडीकडे आणि गोव्यातल्या सत्तरीत माकडतापाचा हंगाम साधारण जानेवारी ते मे असतो, आणि तो गोचिडीतून पसरतो. तिथे पायमोजे पँटवर ओढून घ्या, पाचोळ्यात बसू नका आणि घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून कपडे धुवायला टाका. माकड मेलेलं दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. कोकणात आणि माळरानावर दगड उलटण्याचा मोहही टाळा. फुरसं दगडाखालीच असतं.

## २. वेळ ठरवा

सकाळी ७ ते ८ या वेळात फुलपाखरं पंख पसरून ऊन खात बसतात. अंग तापलेलं नसल्यामुळे लगेच उडत नाहीत, म्हणून जवळून बघायला आणि फोटोला हीच वेळ. ८ ते साडेदहा ती सर्वांत जास्त फिरतात. अकरानंतर, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, बहुतेक जाती सावलीत शिरतात. तेव्हा उघड्यावर हिंडण्यात अर्थ नाही. ओढ्याकाठच्या गर्द झाडीत थांबा. साडेचारनंतर पुन्हा थोडी हालचाल दिसते.

सूर्यास्तानंतरचा अर्धा तास लोक हमखास सोडून देतात. कॉमन इव्हनिंग ब्राउन हे तपकिरी फुलपाखरू त्याच वेळी बाहेर पडतं. जमिनीलगत अडखळत उडतं, दिवा लागला की घरातही येतं आणि सगळे त्याला पतंग म्हणतात.

तपासा: वारा किती आहे? झाडाच्या बारीक फांद्या सतत हलत असतील तर उघडं माळरान सोडा आणि टेकडीची वारा अडलेली बाजू धरा.

## ३. ओलसर जागा शोधा

उन्हाळ्यातला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे, आणि सर्वांत कमी लोक याला वेळ देतात.

फुलपाखरं ओल्या मातीवर सोंड टेकवून पाणी ओढतात ते नुसती तहान भागवायला नव्हे. त्यांना हवे असतात मातीत विरघळलेले क्षार, मुख्यतः सोडियम, जे मधुरसात नगण्य असतात. याला चिखलपान म्हणतात. येणारे बहुतेक नर असतात, आणि हे क्षार मीलनाच्या वेळी मादीकडे आणि तिच्याकडून अंड्यांकडे जातात. म्हणून स्वच्छ वाहत्या पाण्यापेक्षा गुरांनी तुडवलेली, मूत्र मुरलेली काठाची वाळू त्यांना जास्त आवडते.

१. आटत चाललेला ओढा निवडा. एप्रिलमध्ये सह्याद्रीतले ओढे डबक्यांपुरते उरतात आणि आसपासची फुलपाखरं त्या चार-पाच जागांवर गोळा होतात. गावात असाल तर हापशाचं सांडपाणी, गुरांचा हौद, रोपवाटिकेतली गळकी नळी आणि धुणं धुवायची जागा बघा.

२. डबक्याच्या काठापासून हात-दोन हात बाहेरची वाळू नजरेखाली घाला. बोट लावलं तर ओल लागते पण पाणी सुटत नाही, अशी जागा हवी. पाणी साचलेल्या जागी ती क्वचितच बसतात.

३. जागा मिळाली की ३-४ मीटर अंतरावर, आपली सावली तिच्यावर पडणार नाही अशा बेताने बसा. उभं राहू नका. पहिली पाच मिनिटं काही येणार नाही, कारण तुम्हीच त्यांना उडवलेलं असतं. वीस मिनिटं द्या.

४. एक बसलं की त्याला बघून दुसरी येतात. आधी लहान निळी आणि पिवळी, मग कॉमन ब्लूबॉटल, कॉमन जे, टेल्ड जे यांसारखी सतत पंख थरथरवत पिणारी. पानगळीच्या जंगलात वळवाच्या आसपास स्पॉट स्वोर्डटेल घोळक्याने दिसतं. नीलवंत, म्हणजे महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन, बहुधा एकटंच येतं.

पीत असलेल्या फुलपाखराच्या मागच्या टोकाकडे नीट पाहा. काही सेकंदांच्या अंतराने पाण्याचा थेंब बाहेर पडतो. क्षार ठेवून घ्यायचे आणि पाणी टाकून द्यायचं, असा हिशोब. हे दिसलं म्हणजे ते रमलंय. आता तुम्ही रांगत मीटरभर पुढे सरकू शकता.

नेहमीची चूक: घोळका दिसला की उडत्या फुलपाखरांच्या फोटोसाठी त्यात धावत जाणं. घोळका पुन्हा जमायला बराच वेळ लागतो, आणि तोवर ऊन चढतं.

घरच्या बागेत ओलसर जागा करायची असेल तर साधारण ३०×४५ सेंटिमीटरचा उथळ ट्रे घ्या. त्यात ५ सेंटिमीटर जाडीचा वाळू-मातीचा थर आणि मूठभर कुजलेलं शेणखत घालून सकाळचं ऊन येईल तिथे ठेवा आणि रोज शिंपडून ओला राखा. वर पाणी तरंगता कामा नये. नाहीतर फुलपाखरांआधी डास येतील. हा उपाय एका दिवसात चालत नाही. आसपास झाडं असतील तर काही आठवड्यांनी जागा लागू होते.

## ४. मग अळीचं झाड शोधा

फुलपाखराची मादी कुठल्याही झाडावर अंडी घालत नाही. अळी जे खाते त्याच पानावर घालते. म्हणून झाड ओळखू येणाऱ्याला फुलपाखरामागे धावावं लागत नाही. सुरुवातीला एवढीच पाठ करा:

- कढीपत्ता, लिंबू: लाइम बटरफ्लाय, कॉमन मॉर्मन
- रुई: प्लेन टायगर
- कण्हेर, वड, उंबर: कॉमन क्रो
- खोटा अशोक, सीताफळ: टेल्ड जे
- बहावा, टाकळा: कॉमन एमिग्रंट
- आंबा, काजू: कॉमन बॅरन
- पानफुटी: रेड पिएरो
- एरंड: कॉमन कॅस्टर
- बांडगूळ: कॉमन जेझबेल
- ईश्वरी: कॉमन रोझ, क्रिमझन रोझ

कुंडीतल्या कढीपत्त्यापासून सुरुवात करा. कोवळी, पोपटी पानं आधी पाहा, कारण जून पानावर अंडी क्वचित असतात. फिकट पिवळं, मोहरीपेक्षाही लहान, गोल अंडं एकेकटं चिकटलेलं असतं. नुकती बाहेर पडलेली अळी काळी-पांढरी, ओलसर, थेट पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, आणि लोक ती पाण्याने धुऊन टाकतात. शेवटची कात टाकल्यावर मात्र ती हिरवीगार होते. हलकेच डिवचलं तर डोक्यामागून दोन शिंगांसारखा अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. डिवचायची गरज नाही, पण वास आला तर घाबरूही नका.

रुईवर काळे-पिवळे-पांढरे पट्टे असलेली अळी दिसली की तिच्या अंगावरचे काळे मऊ तंतू मोजा. तीन जोड्या असतील तर प्लेन टायगर. कण्हेरीवरच्या कॉमन क्रोच्या अळीला चार जोड्या असतात, आणि तिचा कोष पानाखाली चांदीच्या डुलासारखा चमकतो.

तगर किंवा कण्हेरीखाली फरशीवर मिऱ्याएवढ्या, खाचा असलेल्या काळपट-हिरव्या लेंड्या पडलेल्या दिसल्या तर थांबा आणि सरळ वर पाहा. ऑलिअँडर हॉकमॉथची बोटाएवढी जाड हिरवी अळी तिथेच असते. डोक्याच्या बाजूला निळे डोळे रंगवल्यासारखे, शेपटीला शिंग. ती कोषासाठी खाली उतरून पाचोळ्यात शिरते. माळ्याने रोज झाडाखाली झाडू मारला तर पुढची पिढी कचऱ्याच्या गाडीत जाते, एवढं त्याला सांगून ठेवा.

सावध: केसाळ अळीला हात लावू नका. एरंडावर आणि ऊस-गवतावर सापडणाऱ्या, काटेरी, चपट्या घोणस अळीचा स्पर्श चांगलाच झोंबतो. लागलाच तर चोळू नका. चिकटपट्टी लावून ओढा म्हणजे केस निघतील, मग साबणाने धुवा. सूज वाढली किंवा श्वासाला त्रास झाला तर डॉक्टरकडे जा.

तपासा: झाडावर अलीकडे औषध फवारलंय का? महापालिकेच्या बागेत हा प्रश्न आधी विचारा. फवारलेल्या ताटव्यापेक्षा कुंपणाबाहेरचा टाकळा आणि दगडी पाला जास्त फुलपाखरं दाखवतो.

## ५. फुलं आणि सडकी फळं

फुलांकडे आता वळा. उन्हाळ्यात घाणेरी, इक्झोरा आणि पाणी मिळणाऱ्या कडेकडेचा दगडी पाला यांवर नजर ठेवा. मोठ्या दिखाऊ फुलांपैकी अनेकांत, विशेषतः दुहेरी पाकळ्यांच्या जातींत, सोंड पोचण्याजोगा मधुरसच नसतो.

काही देखण्या जाती फुलावर जवळजवळ येतच नाहीत. ब्लॅक राजा, कॉमन नवाब, बॅरन हे झाडाचा चीक, शेण आणि सडकी फळं शोधतात. त्यांच्यासाठी आमिष: चार अति पिकलेली केळी, २०० ग्रॅम गूळ आणि अर्धी वाटी पाणी कुस्करून दोन दिवस सावलीत आंबवा. भांड्यावर फडकं बांधा, घट्ट झाकण नको. आंबताना वायू सुटतो आणि बंद बाटली फुटते. तयार लगदा सावलीतल्या खोडावर छातीच्या उंचीला फासा. मुंग्यांचा त्रास असेल तर ताटलीत घालून दोरीने टांगा आणि दोरीला एरंडेल लावा. हेच आमिष रात्री विजेरीने बघा: घुबडाच्या डोळ्यांसारखी नक्षी असलेले मोठे पतंग त्यावर येतात.

## ६. जवळ जाणं आणि फोटो

पहिला फोटो आहात तिथूनच काढा, कितीही लहान आला तरी. मग कमरेत वाकून, तिरकं चालत पुढे व्हा. समोरून सरळ जाऊ नका आणि हात खांद्याच्या वर नेऊ नका. फोनमधला झूम दुपटीवर नेला की पंखांवरचे ठिपके विरघळतात; त्यापेक्षा ३० सेंटिमीटरपर्यंत पोचा. फोन पंखाला समांतर धरा, नाहीतर पंखाची एकच कड स्पष्ट येते.

दोन बाजू हव्यात: मिटलेल्या पंखांची खालची आणि उघड्या पंखांची वरची. एकच मिळणार असेल तर खालची घ्या. निळी, पिवळी आणि तपकिरी फुलपाखरं खालच्या बाजूवरूनच ओळखली जातात.

फुलपाखरू फ्रिजमध्ये थंड करून फांदीवर बसवण्याचा एक प्रकार फोटोवाल्यांत चालतो. असे फोटो पायांच्या विचित्र ठेवणीवरून जाणकाराला लगेच कळतात. करू नका.

## ७. नाव देण्याआधी

फुलपाखरू की पतंग? रंगावर किंवा वेळेवर जाऊ नका, मिशा बघा. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गाठ असते. स्किपर गटात ती आकड्यासारखी वळलेली असते. पतंगाची मिशी दोऱ्यासारखी किंवा पिसासारखी. भर दुपारी घाणेरीवर दिसणारा, काळ्या पंखांवर पारदर्शक खिडक्या आणि पोटावर पिवळे पट्टे असलेला गांधीलमाशीसारखा कीटक म्हणजे अमाटा पतंग. खुळखुळा या रानझुडपावरचा पांढरा, लाल-काळ्या ठिपक्यांचा नाजूक जीवही पतंगच.

पाय मोजा. निम्फॅलिडी कुळात, म्हणजे टायगर, क्रो, बॅरन, पॅन्सी यांच्या कुळात, पुढचे दोन पाय आखडलेले असतात, त्यामुळे चारच दिसतात. या एका खुणेने पुस्तकाची निम्मी पानं बाजूला पडतात.

तोतये ओळखा. गफलत होते ती इथे.

कॉमन मॉर्मनची मादी कधी नरासारखी, कधी कॉमन रोझसारखी, तर कधी क्रिमझन रोझसारखी असते. रोझ विषारी आणि मॉर्मन चविष्ट, म्हणून हे सोंग. पंखांकडे बघत बसलात तर फसाल, अंग बघा. दोन्ही रोझचं अंग लाल असतं, मॉर्मनचं काळं.

प्लेन टायगरची नक्कल डॅनेड एगफ्लायची मादी करते. मागच्या पंखाच्या मध्यात तीन-चार काळे ठिपके असतील तर प्लेन टायगर. मध्य कोरा असेल आणि एकच काळा डाग वरच्या कडेला असेल तर एगफ्लाय.

पिवळी ग्रास यलो सगळी सारखी दिसतात. पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला, बुडाजवळच्या लांबट कप्प्यातले ठिपके मोजा: दोन असतील तर कॉमन, तीन असतील तर थ्री-स्पॉट. ठिपके पुसट असतील तर नुसतं ग्रास यलो लिहा.

उन्हाळी रूप विसरू नका. पुस्तकातली चित्रं अनेकदा पावसाळी रूपाची असतात. पीकॉक पॅन्सी आणि इव्हनिंग ब्राउनच्या खालच्या बाजूचे डोळे उन्हाळी पिढीत पुसट होतात किंवा नाहीसे होतात, आणि पंखाला सुकलेल्या पानाचा रंग-आकार येतो. पाचोळ्यावर बसलेलं हे ‘नवीन जातीचं’ फुलपाखरू दरवर्षी कुणीतरी शोधून काढतं.

## ८. पतंगांसाठी भिंत आणि चादर

खर्च न करता सुरुवात करायची तर सकाळी सहाला, पक्षी न्याहारी करायच्या आत, रात्रभर दिवा जळलेल्या भिंती बघा. जंगलाकाठची वनखात्याची चौकी, गावाबाहेरचं देऊळ, घाटातला पेट्रोल पंप. सर्वांत उत्तम जागा म्हणजे पांढऱ्या फरशा आणि रात्रभर ट्यूबलाइट असलेलं सार्वजनिक शौचालय. हसू येईल, पण तिथे दहा मिनिटांत वीस जाती मोजून होतात.

पडदा लावायचा असेल तर:

१. रात्र निवडा. अमावास्येच्या मागेपुढे चार-पाच दिवस, हवा दमट आणि वारा पडलेला. वळवाचा पाऊस झाल्यानंतरची पहिली-दुसरी रात्र सोडू नका. पौर्णिमेच्या आसपास दिवा फिका पडतो.

२. साधारण २ × १.५ मीटरची पांढरी सुती चादर दोन झाडांमध्ये ताणून बांधा. खालची कड हातभर पुढे जमिनीवर अंथरून दगड ठेवा, कारण अनेक पतंग पडद्यावर न बसता खाली पडतात आणि पायाखाली येतात.

३. दिवा चादरीपासून फूटभर पुढे टांगा. १६० वॅटचा, चोकशिवाय चालणारा मर्क्युरी बल्ब सर्वांत प्रभावी. अतिनील एलईडी बॅटरीवर चालतो आणि हाताळायला सोपा. पिवळसर घरगुती एलईडी जवळजवळ निकामी. दिव्याकडे थेट बघू नका.

४. साडेसात ते अकरा थांबा. लहान पतंग आधी येतात. मोठे, जसे मून मॉथ, बरेचदा उशिरा. मध्येच दिवा बंद करू नका: तापलेला मर्क्युरी बल्ब पुन्हा पेटायला पाच-दहा मिनिटं घेतो.

सावध: तापलेल्या बल्बवर पावसाचा थेंब पडला की काच तडकते, थेंब जाणवताच मुख्य बटण बंद करा. जोडण्या जमिनीवर टेकू देऊ नका. कानावर रुमाल बांधा, भुंगे कानात शिरतात. लांबट, काळा-केशरी, मुंगीसारखा कीडा अंगावर बसला तर चिरडू नका, फुंकर मारून उडवा. त्याच्या रसाने कातडीवर भाजल्यासारखे फोड येतात. राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्यात परवानगीशिवाय रात्री थांबता येत नाही. पडदा वस्तीतल्या अंगणात किंवा खासगी शेतात लावा, आणि शेजाऱ्यांना आधी सांगा.

५. आटोपताना दिवा घालवा, चादर पाचोळ्यावर हलकेच झटका आणि चिकटून राहिलेले पतंग कागदावर घेऊन झुडपात सोडा. दिवा पहाटेपर्यंत तसाच ठेवला तर दयाळ आणि कोतवाल पडद्यावर येऊन बसतात, आणि सकाळी मोजायला नुसते पंख उरतात.

## ९. नोंद

त्याच दिवशी लिहा: तारीख, वेळ, जागा, ऊन-ढग, कोणत्या झाडावर किंवा मातीवर, काय करत होतं, किती होती. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना प्रत्येक फुलपाखराची नोंद वेगळी करा. त्याच फुलपाखराचे खालचा-वरचा असे दोन फोटो मात्र एकाच नोंदीत हवेत. दुसऱ्या दिवशी घरून फोटो चढवले तर ठिकाण घराचं पडलं नाही ना, हे बघा. नाहीतर आंबोलीचा पतंग डोंबिवलीत नोंदला जातो. जातीची खात्री नसेल तर वंशावर (जीनस) थांबा. आणि ‘काहीच दिसलं नाही’ हेही वेळेसकट लिहून ठेवा. चार सकाळच्या अशा नोंदी समोर ठेवल्या की तुमच्या ओढ्यावर फुलपाखरं नेमकी किती वाजता उतरतात, ते त्यातून निघतं.